अमृत लांडे याच्यावरचे नऊ फाउल

मी, कानिफनाथ भीमा गर्जे, वय ४९, धंदा शेती, राहणार शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. १९ तारखेला, सोमवारी, माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही, मढीच्या नाथांचे नाव घेऊन लिहायला बसलो आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी विजयमाला हिला. माझ्या फोटोला रोज हार घालू नये. देवापुढचा दिवा पुरे.

२. साडेतीन एकर जमीन मुलगी सविता हिला. माझा भाऊ कारभारी दरवर्षी वीतभर बांध कोरतो. सविताने सरकारी मोजणी आणावी, भांडू नये. मी भांडून पाहिले आहे.

३. बावीस वर्षे मी फुटबॉलचा पंच होतो. शिट्टी आणि कार्डे तालुका संघटनेला द्यावीत. विजयमाला म्हणते, "बाहेर शिट्टी, अन् घरात तोंडातून शब्द न्हाई." ते खरे आहे.

४. हे कलम अमृत आबासाहेब लांडे याच्यासाठी. बारा वर्षांपूर्वी तो तालुक्यातला सर्वांत वेगवान फॉरवर्ड होता. जिल्ह्याच्या उपांत्य सामन्यात त्याला नऊ वेळा पाडले. फाउल करणाऱ्याचा नंबर मी वहीत लिहीत असे. एकाच नंबरापुढे तिसरी खूण झाली की पिवळे कार्ड. समोरच्या संघाला हे ठाऊक होते. त्यांनी पाळ्या लावल्या. दर वेळी नवा खेळाडू हात जोडून म्हणे, "सर, माझा तर पहिलाच हाय!" वही पाहिली की ते खरे निघे. कोणाला पाडले, याचा रकाना माझ्या वहीत नव्हता.

अमृत म्हणाला, "त्यांचा पहिला असंल, सर. माझा सातवा हाय."

मी म्हणालो, "तू पडतोस फार."

पहिल्या फाउलला माझी शिट्टी लगेच वाजली होती. नवव्याला वाजलीच नाही. ज्याला सारखे पाडतात तो सारखा जमिनीवर दिसतो, आणि पंचाला त्याचाच संशय येऊ लागतो. त्या नवव्या फाउलात अमृतचा गुडघा गेला. अहवालात मी लिहिले, "हा खेळाडू मुद्दाम पडतो."

आता तो मुलींना खेळ शिकवतो. जिल्हा संघाच्या प्रशिक्षकपदासाठी त्याचे नाव आहे, आणि कोणीतरी माझा तो अहवाल निवड समितीपुढे ठेवला आहे. अहवाल चुकीचा होता, असे सहीचे पत्र सोबतच्या पाकिटात आहे. ते माझ्या मृत्यूनंतर समितीला द्यावे.

५. कलम ४ मधील शेवटची सूचना रद्द. लिहून झाल्यावर लक्षात आले की समितीची बैठक येत्या रविवारी आहे, आणि रविवारी मी जिवंत असण्याचा संभव अधिक. मेल्यावर खरे बोलायची सोय मी करून ठेवत होतो. पत्र आज दुपारी अमृतच्या घरी नेऊन दिले. त्याने बसा म्हटले नाही.

"रविवारी तुमी येनार, का नुसता कागद?"

"येणार."

या मृत्युपत्रातून त्याला आता काहीच मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो. तसे विचारले. म्हणाला, "आधी वाचतो."

ठिकाण : शेवगाव
दिनांक : ८ जानेवारी २०२६

सही : कानिफनाथ भीमा गर्जे

आमच्या दोघांसमक्ष सही झाली :

१. विष्णुपंत जोशी, शेजारी, निवृत्त शिक्षक

२. अमृत आबासाहेब लांडे
(सगळे वाचून सही केली. फाउल नऊ नव्हते, अकरा होते.)