पिस्टनला विभूती

मंगळवार पेठ, कोल्हापूर
मंगळवार, दि. ७ ऑक्टोबर २००३, दुपारचे साडेतीन. आत्तापर्यंत परसात बसून रॉकेलने हात धूत होतो. नखांतले काळे निघत नाही, तेव्हा कागदाला डाग पडल्यास आधीच माफी मागतो.

तीर्थस्वरूप सोमशेखरमामा यांस शिवपुत्रचे शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि चांदीचा भाव, तिन्ही उतरले असतील अशी आशा करतो. (भाव उतरलेला तुम्हाला चालतो की चढलेला, हे मला नक्की ठाऊक नाही. जे चालते ते झालेले असो.) इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे अप्पा खाटेवर आहेत, अव्वा पूजेत आहे, धाकटी विद्याश्री शाळेत जाते आणि इंजिन बसले आहे.

इंजिन म्हणजे अप्पांच्या गवत कापायच्या मशीनचे. श्रावणात अंगावरून वारे जाऊन अप्पांचा उजवा हात आणि वाचा गेली, तेव्हापासून ताराबाई पार्कातली लॉन मीच कापतो, हे तुम्ही जाणताच. एकेक बंगला सुटत गेला (रेषा सरळ मारतो पण वेळ फार खातो, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे) आणि मोठे असे एकच गिऱ्हाईक उरले, रंकाळ्याजवळचे मंगल कार्यालय. त्या लॉनवर परवा कोजागिरीचे दूध आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत गवत कापलेले दिसले नाही तर काम दुसऱ्याला, असे मॅनेजरने बजावले. आणि नेमके आमचे मशीन निळा धूर सोडून दम टाकू लागले. मिस्त्री म्हणाला, दसरा होऊ दे. म्हणून मी ते घरीच खोलायचे ठरवले. (आयटीआय मी वर्षभर केलेले आहे. वायरमनचे, हे खरे.)

खोलण्यात काही चुकले नाही. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सगळे रॉकेलने धुऊन सोप्यात जुन्या लुगड्यावर ओळीने मांडले आणि प्रत्येक नटाखाली चिठ्ठी ठेवली. चूक इतकीच, की हे केले शुक्रवारी, आणि शनिवारी खंडेनवमी. सकाळी उठून पाहतो तर अव्वाने सगळ्याची पूजा केलेली. नटानटाला कुंकू, कार्बोरेटरवर झेंडू, आणि पिस्टनला विभूतीचे तीन पट्टे. एखाद्या मठाचे स्वामी बसावेत तसा तो बसला होता. चिठ्ठ्या तिने गोळा करून समईखाली नीट ठेवल्या होत्या, पूजेत कचरा नको म्हणून. आणि पुजलेल्या हत्याराला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हे मी तुम्हाला काय सांगावे. दिवसभर समोर बसून कुठले काय ते पाठ करत राहिलो. शेजारचा जोतीराम दर्शन घेऊन कार्बोरेटरपुढे रुपया ठेवून गेला.

दसऱ्याला पहाटे मी सगळे पुन्हा रॉकेलने पुसून काढले. अव्वाचा चेहरा उतरला. मी पंपावर ऑइल आणायला गेलो, येऊन जोडत बसलो. दिवेलागणीला परसात मशीन उभे राहिले. (एकही सुटा भाग उरला नाही. तुम्ही विचारालच.) तिसऱ्या ओढीला चालू झाले. धूर नाही. गल्ली जमली. थोड्या वेळाने आतून खरखर ऐकू येऊ लागली. मला वाटले, रिंगा बसत असतील. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

“बंद कर.”

श्रावणानंतर अप्पांचा हा पहिला शब्द, मामा. अव्वाने त्यांच्या पायांवर डोके टेकले, विद्याश्री साखर आणायला पळाली, जोतीराम गल्लीभर सांगत सुटला. मी त्यांचा हात धरून पुन्हा पुन्हा विचारत होतो, अप्पा, काय म्हणालात? आणि ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, बंद कर. आम्ही हसत होतो, रडत होतो. अप्पा आमच्या खांद्यांवरून परसाकडे पाहत होते. मशीन कुणीच बंद केले नाही. शेवटी ते आपले आपणच बंद झाले.

खोलून पाहिले तर सिलिंडर खिळ्याने ओरबाडल्यासारखा, आणि तळाला राखाडी लगदा. अव्वाला विचारले. ती म्हणाली, “भाईरनं लावल्याली इभूत तू पुसतोस, म्हून तू त्याल आणाय गेल्तास तवा भोकातनं आत टाकली की मूठभर. बघ, बोललं न्हवं का तुझं अप्पा?”

राखेने धातूचे काय होते, हे हुपरीत चांदी घासणाऱ्या माणसाला सांगायला नको. अव्वाला मी काहीच सांगितले नाही. अप्पा त्यानंतर दुसरा शब्द बोललेले नाहीत. काल तिच्या भजनातही तेच म्हणाले. देवानेच संसाराचा गलबला बंद करायला सांगितलाय, असे ती म्हणते.

तुमचा भाचा,
शिवपुत्र

ता. क. दिवाळीला आलात की अव्वा इंजिनाचे विचारील. जुने होते, कधीतरी जाणारच होते, असे म्हणा. थोरल्या भावाचे ती ऐकते.

ता. क. कालपासून अव्वा, मी आणि शाळा बुडवून विद्याश्री विळ्यांनी लॉन कापतो आहोत. जेमतेम निम्मे झाले. मॅनेजर पाहून म्हणाला, हे सारखं दिसत नाही. खरेच दिसत नाही. दुसऱ्या माणसाला त्याने आजच निरोप धाडला.

ता. क. पैंजणाला घुंगरू जोडायला येतोस का, असे तुम्ही गणपतीत विचारले होते, आणि इंजिनाचे काम माझ्या रक्तातच आहे असे मी म्हणालो होतो. ती जागा अजून असेल तर मी येतो. बारीक काम मला जमते. हात थरथरतो, पण कुणी पाहत असेल तरच. तेव्हा पहिले काही दिवस तुम्ही दुसरीकडे पाहाल का?