क्रान्झचा गुडघा आणि रविवारचं तिकीट

...हो अनिल, हस तू. पण हॉस्पिटलच्या बाईने मला सरळ विचारलं, "तुमचं विल केलंय का?" तू म्हणतोस, इथे सगळ्यांनाच विचारतात. विचारत असतील यार, पण उद्या गुडघ्याचं ऑपरेशन माझं आहे, तुझं नाही.

तर मी, ऋषी मोरेश्वर रामटेके, वय चोवीस, मूळचा नागपूरचा, सध्या एडिसन, अमेरिका, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्या दबावाखाली नसताना (रूममेट अनिल शेजारी चिप्स खातोय, तो दबाव धरू नये) लिहून ठेवतो की:

एक. माझी टोयोटा अनिलला. हॉर्न दिला की वायपर सुरू होतो, ते त्याने समजून घ्यावं.

दोन. माझे गुरू हेल्मुट क्रान्झ, फुटबॉलमधले जर्मनीचे लेफ्ट बॅक, आता कोच. त्यांच्या मॅचेसच्या टेप्स इथल्याच आमच्या जगन्नाथकाकांना, कारण ते गुरूंना 'तो लाथा मारणारा' म्हणतात. टेप्स जर्मनीतून मागवल्यात. तिथली सिस्टीम वेगळी, इथल्या व्हीसीआरवर नुसत्या मुंग्या दिसतात. काका, एन्जॉय करा.

तीन. क्रान्झचा तीन नंबरचा टी-शर्ट ऑफिसमधल्या निधीला. ती म्हणते, "तीन देशांनी हाकललेला कोच ग्रेट कसा?" अगं, एका देशात मंत्र्याचा मुलगा टीममध्ये घेतला नाही, दुसऱ्यात सरकारच पडलं. तिसऱ्याचं मलाही माहीत नाही. धुऊन वापर.

चार. रवीला काहीही नाही. मराठी मंडळाच्या पिकनिकला त्याच्या पायातला बॉल काढायला मी घसरत क्रान्झ स्टाइल स्लायडिंग टॅकल केला, याने ऐन वेळी उडी मारली आणि मी थेट बार्बेक्यूवर. गुडघा तिथेच गेला.

पाच. रविवारचं तिकीट. क्रान्झ चौथ्या देशाची टीम घेऊन इथे जवळच खेळायला येतायत. खरेखुरे, बेंचवर! तिकीट अनिलला देऊ? तो विचारेल, "ओव्हर कधी संपते?" डॉक्टर म्हणाले होते, "उद्या किंवा पुढच्या शुक्रवारी, कधीही चालेल, फक्त पाय जपा." उद्याची तारीख मीच घेतली, आणि तिकीट नंतर हातात आलं. ही जागा तूर्त कोरी.

साक्षीदार: अनिल (हात पुसून), निधी (निषेध नोंदवून)
सही: ऋषी
एडिसन, न्यू जर्सी, गुरुवार, २० एप्रिल १९९५

ता.क. सही करता करता निधी म्हणाली, "तुझ्या क्रान्झने गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कपची फायनल सोडली होती ना? म्हणून तर पुढे इतकी वर्षं खेळला." बरोबर आहे. म्हणजे खऱ्या चेल्याने मॅच सोडायची. पण हा चौथा देश गुरूंना कधी हाकलेल, काय भरवसा? मग ते परत न्यू जर्सीत कशाला येतील? वाचणाऱ्यांनो, तुम्हीच सांगा: गुरूसारखं वागू, की गुरूला बघायला जाऊ?