क्षच्या जागी क्ष अधिक ह

गुरुजी, आज सकाळी पूजा आटोपून देवघराबाहेर आलो, तेव्हा नात वही घेऊन दारातच उभी होती. यंदा ती कॉलेजात जाणार. "आबा, इथे कंस नाही टाकला तर काय बिघडते?" असे तिने विचारले आणि उत्तर देण्याआधी मला तुमचे अमरावतीचे स्वयंपाकघर आठवले. तिला समजावून झाल्यावर हे लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला, की तुमच्या हाताखाली शिकलेला अकोल्यात आता मीच एकटा उरलो असेन.

तो मॅट्रिकनंतरचा उन्हाळा होता. वडिलांची अकोल्यात याज्ञिकी. मी अमरावतीला मामांकडे राहून तुमच्या शाळेत शिकलेला. मुंजीपासून संथा झाली होती. गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. स्वर ढळता कामा नये, अक्षर गळता कामा नये. शाळेतले गणितही मी त्याच वाटेने आत घेतले होते. त्रिकोणमितीची सूत्रे मला सुलट येत, उलट येत, आणि गुणही भरपूर पडत. वडील तुमच्याकडे आले ते माझ्या कॉलेजचे विचारायला. "तुम्ही म्हणाल तर गणित घेऊन कॉलेजात जाईल, नाहीतर माझ्यासोबत याज्ञिकी करेल," असे ते सरळ बोलले. मला कॉलेजात जायचे होते, आणि तुम्ही हो म्हणणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तुम्ही मला एकच प्रश्न घातलात. एका नियमाने क्षचा क्ष वर्ग होतो. तर त्याच नियमाने क्ष अधिक ह चे काय होईल? मी तत्काळ लिहिले : क्ष वर्ग अधिक ह. तुम्ही वडिलांकडे वळून म्हणालात, "यंदा नका पाठवू. तिथं चलनकलन, क्यालक्युलस, शिकवतेत. पहिल्याच महिन्यात बुडते हा."  वडिलांनी उपरणे सावरले, आणि माझ्या कानशिलांत रक्त चढले. मग तुम्ही मला विचारलेत, "ह शेवटी काहून टाकला?" मी म्हणालो, "पाठाच्या मधे काही घालत नसतात, गुरुजी. म्हणायचंच असेल तर शेवटी म्हणतात." ही हुशारी नव्हती, मी खरोखर तसेच समजत होतो.  तुम्ही वडिलांना म्हणालात, "कॉलेज उघडेपर्यंत हा मले द्या. मंग सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी येतो, तेव्हा ओसरीवर ऊन आलेले आहे, म्हणून तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवता. तिथल्या फरशीवर तुम्ही खडूने लिहिता. काकू पाटावर शेवया वळत आहेत. "काय लिहून राहिले तुमी माह्या सैपाकघरात? आत्ताच पुसलं ना मी!" तुम्ही ऐकत नाही. मला विचारता, "मांगच्या श्रावणात आपल्या घरी सत्यनारायण सांगाले तूच आला होता ना? संकल्प सांगतानी काय म्हणाला होता? अमुक गोत्र, अमुक नाव, असंच का?" मी म्हणतो, "नाही, तुमचं गोत्र विचारलं, नाव घातलं." "कुठं घातलं? सारा संकल्प झाल्यावर, शेवटी?" मी मनात संकल्प म्हणून पाहतो; नाव मधेच येते. "पोथीतलं अमुक म्हंजेच हा क्ष. जो पाटावर बसला, त्याचं नाव त्या जागी. आता माह्यासंगं काकू बसली होती. तिले दाराबाहेर उभी ठेवली होती का तू?" काकू शेवया तशाच टाकून हसतात. "माह्या पदराले यांच्या उपरण्याची गाठ मारली होती यानं. अशी मारली, का सोडतानी माही नवी साडी फाटत होती!" तुम्ही खडू उचलता. क्ष अधिक ह लिहिता, दोन्ही बाजूंनी कंस घालता, आणि कंसाच्या डोक्यावर वर्ग. "हे पाह्य, हे गाठ. आता पूजेचं फळ दोघाईले. गुणून पाह्य काय येते."

मी गुणले. क्ष वर्ग आला, ह वर्ग आला, आणि मध्ये दोन क्ष ह आले, जे माझ्या उत्तरात कुठेच नव्हते. अक्षर बदलूनही पाठ भ्रष्ट होत नाही, उलट त्यासाठीच जागा राखलेली असते, हे मला फरशीवर दिसले. मीमांसेत याला ऊह म्हणतात आणि त्याचे नियम फार काटेकोर आहेत, हे मी पुष्कळ पुढे वाचले. पण माझ्यापुरता तो विचार शेवयांच्या पिठाच्या वासातच सुरू झाला.

त्यानंतर तुम्ही मला मागे मागे नेत गेलात. अपूर्णांकांच्या बेरजा, ज्या मी चौथीत सोडून आलो असे समजत होतो. अवयव. घातांक. अंशातले एक पद आणि छेदातले एक पद परस्पर उडवायची माझी खोड तुम्ही निष्ठुरपणे मोडलीत. "बेरजेतलं पद काटून राहिला? भिंतीतली एक वीट काढून घर अर्धं झालं म्हणतो का?" रेषेचा चढ शिकवताना परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारी बस काढलीत, आणि "या वळणावर, बस उभी असतानी, रस्ता किती चढेल हाये?" असे विचारून तो प्रश्न तसाच ठेवलात. म्हणालात, याचे उत्तर कॉलेजात मिळेल. प्रश्न मात्र इथूनच नेला पाहिजे. सूत्र म्हणून दाखवू लागलो की हात वर करायचात. "म्हणू नको. वापर."

कॉलेज उघडायच्या आधी वडील आले. त्यांच्यासमोर तुम्ही मला एक भागिले क्ष दिलेत. क्षच्या जागी क्ष अधिक ह घालायचे, मूळचे वजा करायचे, ह ने भागायचे. मी समच्छेद केला, वजाचे चिन्ह सांभाळले, अंशात एकटा वजा ह उरला. "आता ह काटता येते का?" "येतो." "काहून?" "तो पूर्ण अंशाचा अवयव आहे, नुसतं पद नाही." तुम्ही खडू खाली ठेवून वडिलांना म्हणालात, "पाठवा." माझे डोळे वाहू लागले. काकू म्हणाल्या, "पहा बाप्पा, पोराले किती आनंद झाला!" वडिलांनाही तसेच वाटले. पुढे मी कॉलेजात टिकलो, हे तुम्हाला ठाऊक आहे; अकोल्यात निवृत्तीपर्यंत गणितच शिकवले.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून एवढे लिहिता येते. तो आनंद नव्हता, गुरुजी. उद्यापासून तुमच्याकडे यायचे नाही, एवढेच मला समजले होते. समच्छेद करताना एक चिन्ह मुद्दाम चुकवावे, म्हणजे तुम्ही आणखी काही दिवस ठेवून घ्याल, असे माझ्या मनात आले होते. पण हात चुकायला तयार झाला नाही.