इमॅन्युएलची बैलगाडी आणि तीन वाचनालयं

शेवगाव, रविवार

आदरणीय जास्मिन वहिनींना,

रंगनाथचा सलाम. (ही इमॅन्युएलनंच लावलेली सवय. मी चुकून नमस्कार म्हणालो की तो मला पाहुणा समजून खुर्ची पुसायला लागायचा.) गुडघे कसे आहेत? नाशिकची हवा मानवली का? ग्लोरियाला आशीर्वाद. इकडं सगळं ठीक. हिला जरा खोकला आहे, पण बोलणं थांबेल इतका नाही.

पत्रास कारण इमॅन्युएलची वेबसाइट. ती ज्या कंपनीकडं ठेवली आहे ती या महिनाअखेर गाशा गुंडाळतेय. त्याआधी उतरवून घेतली नाही तर त्यानं माउसनं काढलेली सगळी चित्रं गेलीच म्हणायची, कारण कागदावर ती कधी नव्हतीच. म्हणून सावेडी, राळेगणसिद्धी आणि आमचं शेवगाव अशी तीन वाचनालयं एकत्र आली. तुम्ही फोनवर परवानगी दिलीत, पण एका अटीवर. पान उघडल्यावर त्याची पेटी वाजते, त्यात मध्येच तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडता, 'अहो, चहा परत गरम करायची नाही हां मी!' तेवढं कापा, लोक हसतील, असं तुम्ही बजावलंत. तर आज्ञेप्रमाणे सगळं पार पडलं.

पण कसं पार पडलं ते ऐका. आम्हा तिघांत जुना करार आहे, की एकानं घेतलेलं पुस्तक दुसऱ्यानं घ्यायचं नाही, लागलं तर मागवायचं. त्याच शहाणपणानं आम्ही वेबसाइट वाटून घेतली. सावेडीला चित्रं, राळेगणला मजकूर, आम्हाला आवाज! राळेगणचे ग्रंथपाल कारभारीभाऊ (एरवी छापील बोलतात, चिडले की गावचं निघतं) फोनवर कडाडले, 'रंगनाथराव, हितं नुसतं लिवलंय, बैलगाडीवर बोट दाबा. गाडी कुटं हाय? टेबल दाबू का मी?' इकडं आमचे सभासद कोऱ्या भिंतीकडं बघत बैलांची घुंगरं ऐकतायत. सावेडीकडं चित्रं मागितली, तर तिथल्या धनश्रीबाईंनी कळवलं, की चित्रं एका वाचकाच्या नावावर गेली आहेत, परत आली की देऊ. अहो, चित्रं त्यांच्याच कॉम्प्युटरवर होती! पण नोंद झाली म्हणजे वस्तू गेली, हा बाईंचा खाक्या. (मी पोट धरून हसलो खरा, पण मीही दोन दिवस आवाजाला शिक्का कुठं मारायचा याच विवंचनेत होतो.) शेवटी त्यांच्याकडच्या निकितानं, वयानं आमच्या मुलींएवढी पण दरारा हेडमास्तरांचा, तिघांना समोर बसवून सांगितलं, की प्रत्येकानं सगळंच्या सगळं ठेवायचं. एकाकडचं बिघडलं तर बाकी दोघांकडं राहील. करार मोडताना धनश्रीबाईंचा चेहरा बघवत नव्हता.

वहिनी, काल ती गाडी चालली. तुमच्या सावेडीच्या घरी टेलिफोनच्या वायरीवरून हीच गाडी यायची, आठवतं? वरून खाली, इंचाइंचानं. आधी आभाळ, मग बाभूळ, मग बैलांची शिंगं. पाय येईपर्यंत आमचा चहा संपलेला, आणि तेवढ्यात कुणाचा फोन वाजला की सगळं गायब! इमॅन्युएल हूं की चूं न करता परत पहिल्यापासून सुरू करायचा आणि आम्ही परत आभाळाकडं बघत बसायचो. आता सगळं चित्र एकदम येतं. मला नाही आवडलं. वाट बघायलाच मिळाली नाही, वाट बघत जे बोलायचो तेही राहिलं. फार आठवण आली हो त्याची.

असो. थंडी पडतेय, गुडघ्यांना ऊब द्या आणि मुलीचं ऐका (तुम्ही ऐकणार नाही, माहीत आहे).

तुमचा धाकटा दीर समजा,
रंगनाथ

ता. क. वरचं सगळं खरं आहे, एक सोडून. तुमचा आवाज कापलेला नाही. कापायला मीच बसलो होतो, हात धजला नाही. हवं तेवढं रागवा, पण तो राहू द्या, एवढीच विनंती करायला हे पत्र. तुम्ही हो म्हणेपर्यंत आम्ही तो कुणाला ऐकवणार नाही.

आणखी एक. नाही म्हणायच्या आधी ग्लोरियाचा हेडफोन लावून ते एकदा ऐका. तुम्ही ओरडल्यावर पेटी थांबते आणि मागून अगदी हळू तो म्हणतो, 'आलो गं.' सगळ्या वेबसाइटवर इमॅन्युएल बोललाय तो तेवढाच.