जुळीचा थर

ताई,

माझ्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठलं, त्यामागचा थर जाडावला आणि सरळ रेघही वाकडी दिसू लागली. घड्याळाच्या तबकड्या रंगवायचं आपल्या दोघींचं काम तुझ्या एकटीकडे गेलं. लोक तुझं कौतुक करतात तेव्हा माझा नुसता जळफळाट होतो.

आपण जुळ्या म्हणून डॉक्टरांनी तुझेही डोळे तपासले होते. आज तू कामावर होतीस, म्हणून ते मला म्हणाले, "बहिणीचाही थर जाड आहे. पाणी नाही, पण वरचेवर तपासायला हवं."

खरं सांगते, आधी जिवाला गार वाटलं. मग तुझ्या डोळ्यांच्या काळजीनं हे लिहायला बसले.

आता जिन्यात तुझी चाहूल लागली आहे. हे पत्र फाडते आणि तुला तोंडानंच सांगते. फक्त एक कर, तुझी नजर शाबूत राहिली, तर रंगवताना नेहमीसारखी माझ्यासमोर गुणगुणू नकोस.

तुझ्यावर जळणारी,
धाकटी