पोर्च घराण्याचं मूळ

प्रिय एडविन,

काल चहाच्या वेळी तू पोटच्या मुलाला म्हणालास, "गिल्बर्ट, कुणाचं पोर दत्तक घेतलंस कुणास ठाऊक! आपलं आडनाव म्हणजे काय धर्मशाळा आहे?" पोरग्यानं कप खाली ठेवला. "बाबा, रविवारी बाळाच्या बाप्तिस्म्याला आला नाहीत, तर मला मुलगा म्हणू नका," एवढंच बोलून तो उठला.

आपण सरदार घराण्यातले म्हणत तू भिंतीवर ढाल टांगलीस, तेव्हा मी गप्प बसले. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात. पण आपलं मूळ बाबांनी जाताना मला सांगितलं. तुला सांगायला ते कचरले. टाकून दिलेलं मूल जिथे सापडेल, तिथलंच नाव त्याला लावायची इथे रीत होती. आपला पहिला पूर्वज चर्चच्या पोर्चात, टोपलीत रडताना सापडला. पावाच्या भट्टीवरल्या बाईनं त्याला उराशी धरलं, म्हणून आज आपण आहोत.

हे पत्र मी टाकणार नाही. रागाच्या भरात तू ते शेकोटीत घालशील. रविवारी बाळाला कुशीत घेऊन मी त्याच पोर्चात थांबेन. तू येशील की नाही, ठाऊक नाही. आलास, तर बाळ आधी तुझ्या हातात देईन आणि मगच हे सांगेन.

तुझी वाट पाहणारी ताई,
ॲग्नेस पोर्च