जाहिरातीतला वाकडा अंगठा

फुमिए,

नाही, मला टीव्हीचं वेड लागलेलं नाही. म्हाताऱ्या बर्फवाल्याला कसलं आलंय वेड. पण त्या व्हिस्कीच्या जाहिरातीत तो गोरा हिरो ग्लास भरतो ना, ते हात त्याचे नाहीत. माझे आहेत. त्याला व्हिस्कीत टाकायचा बर्फाचा गोल तुकडा तासता येईना, म्हणून ओसाकातल्या आपल्या दुकानातून मला उचलून नेलं. बाटलीत नुसता बार्लीचा गार चहा होता.

डायरेक्टर म्हणाला, "आजोबा, एकाच हाताने ओता. हिरो एकटाच पितोय, ऐटीत."

मी ओतायला लागलो की सवयीने डावा हात बाटलीखाली जायचा. आपल्याकडे पाहुण्याला एका हाताने कोण ओततं? तीनदा तेच झालं. मी म्हटलं, "दुसरा माणूस बघा." तो म्हणाला, "थांबा. आता तो कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं. हेच ठेवू."

त्यामुळे माझा डावा अंगठा स्वच्छ दिसतो. तू सहा वर्षांची असताना बर्फघराचं दार लावलंस आणि चेंगरला, तोच. माझ्यापेक्षा तूच जास्त रडली होतीस. तुझ्या लग्नाला मी आलो नाही, त्याला अकरा वर्षं झाली, पण हा अंगठा तू ओळखशीलच. काल जाहिरात पाहिल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

कुणाला सांगणार नाही असं सही करून दिलंय, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. रविवारी जाहिरात पुन्हा लागेल, तेव्हा तिकडे हाकोदातेला तुझा टीव्ही तेवढा चालू असू दे. यापुढे मी एक अक्षर सांगणार नाही.

तुझा बाप,
तोकुजी